टाटाला जायची यादी

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी मेल करून विचारलं, म्हणून आधी कारण सांगतो. आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मोठं ऑपरेशन आहे. मुंबईला, टाटा हॉस्पिटलमध्ये.

आमच्या पिंपळगावात (बसवंत, निफाड तालुका, द्राक्षं, टोमॅटो आणि कांद्याचं मार्केट, तेच ते!) "त्यांना टाटाला नेलंय" असं कुणी म्हटलं की समोरचा पुढे काही विचारत नाही. आजाराचं नाव उच्चारायची गरजच पडत नाही, हॉस्पिटलचं नाव पुरतं. अण्णांना मोठ्या आतड्याच्या अगदी खालच्या टोकाला गाठ निघाली. ओपीडीच्या दिवशी दारावरची पाटी अण्णांनी वाचली, मीही वाचली, आणि आम्ही दोघं चहा प्यायला गेलो. त्यावर घरात आजवर एक अक्षर बोलणं झालं नव्हतं.

ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर मी काय केलं असेल? बरोबर. एक्सेल शीट उघडली! कामाचा डोंगर दिसला की आमच्यासारख्यांना दुसरं काही सुचत नाही. अडतीस ओळी झाल्या. काम, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. बायको म्हणाली, "ऑपरेशन आहे, रिलीज नाही." तिचं म्हणणं बरोबर होतं, पण यादीमुळे झोप लागते हेही खरं.

म्हणजे काही रात्री लागते. लागली नाही की मी यादीतली एक ओळ घेऊन तिचा इतिहास शोधत बसतो. ही गोष्ट आपण करतो ती कधीपासून? कुणी सुरू केली? आधी काय व्हायचं? आजचा लेख त्या जागरणांतून आलाय. सगळ्या अडतीस ओळी सांगत नाही, घाबरू नका.

ओळ २ : जायचं कसं

पिंपळगाव ते परळ साधारण दोनशे किलोमीटर. हायवेने नाशिक, इगतपुरी, कसारा घाट, ठाणे. अण्णांचा आग्रह पंचवटी एक्सप्रेसचा. "गाडीत खड्डे बसतात, रेल्वेत माणूस आरामात जातो." जाताना रेल्वे आणि येताना गाडी, असं शेवटी ठरलं.

आता जरा मागे जाऊ. मुंबईत जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं १८४५ साली, सोबत ग्रँट मेडिकल कॉलेज. पण निफाडच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग काय? मध्ये सह्याद्री. बैलगाडीने घाट उतरून मुंबई गाठायला कित्येक दिवस लागायचे, आणि ज्याच्या पोटात गाठ आहे तो काय बैलगाडीत टिकणार? थळ घाटातून (आपला कसारा घाट) रेल्वे इगतपुरीला पोचली १८६५ साली. म्हणजे हॉस्पिटल झाल्यावर तब्बल वीस वर्षांनी.

बरं, हॉस्पिटल उघडलं तेव्हा ऑपरेशनसाठी भूलच नव्हती! ईथरने भूल देऊन ऑपरेशन केल्याचं पहिलं जाहीर प्रात्यक्षिक अमेरिकेत बोस्टनला झालं १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. पुढच्याच वर्षी ईथर भारतात आलं, आणि त्याच वर्षअखेरीस एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. त्याआधी चार माणसांनी धरून ठेवायचं आणि डॉक्टरने हात जमेल तितका भराभर चालवायचा. भूल आल्यावर ऑपरेशन सोसण्यासारखं झालं, पण जखम सडायची ती सडायचीच. जोसेफ लिस्टरने कार्बोलिक ॲसिडचा उपाय छापला १८६७ साली, आणि तो सगळीकडे रुजायला आणखी वर्षं गेली.

आमच्या भाषेत ह्याला डिपेंडन्सी म्हणतात. हॉस्पिटल १८४५, भूल १८४६, रेल्वे १८६५, जंतूंवर इलाज १८६७. यातलं एक जरी नसलं तरी "ऑपरेशनसाठी परगावी जाणं" ह्या वाक्याला अर्थ नाही. नुसतं हॉस्पिटल असेल तर पोचता येत नाही, आणि पोचलात तर परत येण्याची खात्री नाही. आमच्या आजीच्या बोलण्यात "मुंबईला नेलं" याचा अर्थ "गेला" असाच असायचा. मला ती तेव्हा अडाणी वाटायची. आता वाटतं, तिच्या आधीच्या पिढ्यांचा अनुभवच तो होता, आणि म्हण अनुभवामागे एकदोन पिढ्या रेंगाळते.

चारही गोष्टी एका ठिकाणी जमल्याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण मात्र मुंबईचं नाही, मिरजेचं आहे. विल्यम वॉन्लेस हा कॅनडात जन्मलेला, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा डॉक्टर १८८९ साली भारतात आला. मिरजेत त्याचं हॉस्पिटल उभं राहिलं १८९४ साली. मिरज रेल्वेचं जंक्शन. लांबलांबून लोक शस्त्रक्रियेसाठी तिथे उतरू लागले. वॉन्लेसने १८९७ पासून इथल्याच मुलांना वैद्यकीय शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९२८ साली त्याला 'सर' किताब मिळाला. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर कित्येक घरांत परगावी झालेल्या पहिल्या ऑपरेशनची आठवण मिरजेची असते.

ओळ ५ : हॉस्पिटलची फाईल

फाईलवर 'टाटा मेमोरियल' छापलेलं असतं. हे मेमोरियल कुणाचं, असं अण्णांनी ओपीडीत मला विचारलं होतं. तेव्हा मी "जमशेटजींचं असेल" म्हणून ठोकून दिलं. चूक! घरी येऊन वाचलं.

जमशेटजींचे थोरले चिरंजीव सर दोराबजी. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई. त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला आणि १९३१ साली त्या गेल्या. कुठे? इंग्लंडला लागून असलेल्या वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये. दोराबजी पुढच्याच वर्षी गेले, तेही परदेशात, जर्मनीत. आपल्या देशातही या रोगावर उपचारांची सोय असावी हा त्यांचा ध्यास. त्यांच्या ट्रस्टने तो पुढे नेला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला हॉस्पिटल उघडलं. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाकडे गेलं.

मला यातलं वेल्स काही सोडत नाही. देशातल्या सगळ्यात श्रीमंत घरांपैकी एका घरातल्या बाईंना उपचारासाठी साता समुद्रापार जावं लागलं आणि शेवटचे दिवस परक्या मुलखात काढावे लागले. दहा वर्षांत परळला सोय झाली, म्हणून आज पिंपळगावचा शेतकरी पंचवटीने तिथे जातो. अंतर आहेच, पण केवढं कमी झालंय बघा.

हॉस्पिटलसमोरच्या रस्त्याचं नाव डॉ. अर्नेस्ट बोर्जेस रोड. हे मूळचे गोव्याचे, टाटामधले नावाजलेले सर्जन. बाहेरगावच्या पेशंटना राहायला वांद्र्याला एक होम आहे, त्यालाही त्यांचंच नाव आहे. राहण्याच्या सोयीवर पुढे येतोच.

ओळ ११ : रात्रीपासून उपाशी

हे सगळ्यांना माहीत असतं. का, ते फार थोड्यांना. भूल दिल्यावर पोटातलं अन्न किंवा आम्ल वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन या डॉक्टरने १९४६ साली चव्वेचाळीस हजारांवर बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या. त्यात भुलेखाली असा प्रकार झालेल्या ६६ बायका सापडल्या. दोघी गुदमरून गेल्या, दोघींच्याही बाबतीत कारण पोटातलं घट्ट अन्न. उपाशी ठेवण्याचा नियम यानंतर पक्का झाला. पुढे तो इतका ताणला गेला की पाण्याचा घोटही बंद. आता भूलतज्ज्ञांच्या संघटना साधारण असं सांगतात की हलकं खाणं सहा तास आधी थांबवावं, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. (अर्थात तुमचे डॉक्टर सांगतील तेच करायचं. आतड्याच्या ऑपरेशनला पोट साफ करायचं वेगळं वेळापत्रक असतं. ब्लॉग वाचून पाणी पिऊ नका!)

याच्याच शेजारी ओळ १२: तंबाखू बंद. आणि ओळ १३: तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र. श्वास आत ओढून गोळ्या वर टिकवायच्या. भुलेनंतर फुप्फुसाचे तळाचे भाग मिटून जातात आणि न्यूमोनियाची भीती असते, म्हणून आधीपासून सराव. अण्णांनी पहिल्या दिवशी एक गोळी उचलली. आता नातवाशी पैज लावून तिन्ही उचलतात. तंबाखूची पुडी आईने कुठे लपवलीय हे त्यांना ठाऊक आहे, पण अजून हात लावलेला नाही.

ओळ १६ : रक्त

गल्लीतली चार पोरं तयार आहेत. पिकअप घेऊनच येतो म्हणाली. येताना टोमॅटोही आणतील बहुतेक.

पूर्वी हे कसं चालायचं? मोठ्या शहरांत पैसे घेऊन रक्त विकणारे लोक असत. पोटासाठी पुन्हा पुन्हा रक्त देणारे, स्वतःच अशक्त, आणि त्यांच्या रक्तातून रोग पसरायचे. मुंबईत लीला मूळगावकर यांनी १९५४ पासून ऐच्छिक रक्तदानाची शिबिरं घ्यायला सुरुवात केली. (टेल्कोच्या सुमंत मूळगावकरांच्या ह्या पत्नी. पुण्यातल्या वाचकांना टेल्को वेगळी सांगायला नको.) अनोळखी माणसासाठी फुकट रक्त द्यायचं, ही कल्पना तेव्हा लोकांच्या गळी उतरवावी लागत होती. रक्त विकणं कायमचं बंद करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला १९९६ साली, आणि १ जानेवारी १९९८ पासून तशी बंदी आली. आपल्यातले बरेच जण तेव्हा शाळेत होते. म्हणजे ही अगदी कालचीच गोष्ट.

आणि एक गंमत. टाटाला लागूनच के. ई. एम. हॉस्पिटल आहे. तिथे डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली असा रक्तगट शोधला की ज्याला ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही! ए, बी आणि ओ या तिन्हींत जो पायाचा पदार्थ असतो तोच या लोकांत नसतो. जगभरच्या पुस्तकांत त्याचं नाव 'बॉम्बे' रक्तगट. अण्णांचा गट साधा बी पॉझिटिव्ह निघाला. एरवी मला असले अपवाद आवडतात. त्या दिवशी मात्र साधेपणाचा भारी आनंद झाला.

ओळ २१ : आपण राहायचं कुठं

पेशंटला कॉट मिळते. बाकीच्यांचं काय? पंधरा दिवस, कदाचित तीन आठवडे. आम्हाला ताईच्या नणंदेचं घर मिळालंय, लालबागला, चालत जाण्याइतकं. आमचं नशीब. टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर प्लास्टिकचा कागद बांधून राहणारी कुटुंबं ज्याने पाहिलीत त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. तिथेच स्टोव्ह, तिथेच एक्सरेची पिशवी, तिथेच झोप.

ही अडचण सगळ्यात आधी ओळखणाऱ्यांत एक माणूस असा होता ज्याचा डॉक्टरकीशी काडीचा संबंध नव्हता. गाडगे महाराज. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. हातात खराटा, अंगावर चिंध्या, गावात शिरले की आधी गाव झाडणार आणि मग कीर्तन. शाळेत असताना 'स्वच्छतेचे पुजारी' इतकंच पाठ केलं आणि पाच मार्क घेतले. त्यांनी धर्मशाळा किती बांधल्या हे कुणी शिकवलं नाही. पंढरपूर, आळंदी, आमचं नाशिक, त्र्यंबकेश्वर. या सगळ्या यात्रेकरूंसाठी. आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत, १९५० च्या दशकात, त्यांनी मुंबईत जे. जे. हॉस्पिटलजवळ धर्मशाळा उभी केली, ती मात्र पेशंटच्या नातेवाईकांसाठी. २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले. आज दादरला त्यांच्याच नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं राहतात.

जरा विचार करा. तीर्थाला आलेल्या माणसाला छप्पर लागतं हे सगळ्यांनाच कळत होतं, त्याचं पुण्यही लागायचं. हॉस्पिटलला आलेला माणूससुद्धा तितकाच परगावचा, तितकाच हतबल, आणि त्याच्या मुक्कामाला तर ठरलेली तिथीही नाही. ज्याने आयुष्यभर यात्रा पाहिल्या त्यालाच ही दुसरी यात्रा दिसली. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, १९६८ सालापासूनचं काम. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं २००६ पासून आहेत. तरी फुटपाथ रिकामा झालेला नाही. हॉस्पिटलमध्ये एक खाट वाढली की बाहेर दोन माणसांची जागा वाढायला हवी, हे गणित अजून कुठल्याच बजेटात बसलेलं नाही.

(ओळ २४, पैसे आणि योजनेची कागदपत्रं, इथे घेत नाही. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं एकसारखी आहेत का ते आजच बघून ठेवा, एवढंच सांगतो. आमच्याकडे अण्णांच्या नावात एक वेलांटी वेगळी निघाली आणि दोन दिवस गेले.)

ओळ २९ : सही

आता ज्या ओळीसाठी हा लेख लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

गाठ खूप खाली आहे, त्यामुळे ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लागणार. शौचाचा मार्ग काही महिने, किंवा कदाचित कायमचा, पोटावर काढायचा. ही पद्धतही जुनी. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने १९०८ साली या भागाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन मांडलं, त्यात पिशवी कायमचीच. आता तंत्र सुधारल्यामुळे बऱ्याच जणांची ती तात्पुरती असते. आमच्या बाबतीत तात्पुरती असेल असं डॉक्टरांना वाटतंय, पण खात्री पोट उघडल्यावरच.

हे अण्णांना सांगायचं का? घरात बैठक झाली. मामा म्हणाले, "मुळीच नाही. आधी ऑपरेशन होऊ दे. कळलं तर नको म्हणेल आणि शेतात जाऊन बसेल." दाजी म्हणाले, सही आपण करू, फॉर्मवर 'नातेवाईक' असतंच की. आई काही बोलली नाही. शीटमध्ये ओळ २९ पुढे 'कोण करणार' या रकान्यात मी माझं नाव टाकलं होतं.

मग एका रात्री ह्याही ओळीचा इतिहास बघितला.

१२ जानेवारी १९२४. पुण्याचं ससून हॉस्पिटल, माझ्या ऑफिसपासून तासाभराच्या अंतरावर. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना इथे आणलेलं, अपेंडिक्स सुजलेलं. त्यांच्या ओळखीचे डॉक्टर, दलाल आणि जीवराज मेहता, मुंबईहून यायचे होते, पण तेवढा वेळ नव्हता. सर्जन कर्नल मॅडॉक, इंग्रज. पेशंट इंग्रज सरकारचा कैदी. टेबलावर काही बरंवाईट झालं असतं तर देशभर काय पेटलं असतं! शिवाय याच माणसाने १९०९ साली 'हिंद स्वराज्य'मध्ये हॉस्पिटलांवर कडक टीका केलेली.

रात्री श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं. गांधीजींनी निवेदन सांगितलं, शास्त्रींनी लिहून घेतलं. माझ्यावर नीट उपचार झालेत, कर्नल मॅडॉकवर माझा विश्वास आहे, ऑपरेशनला माझी संमती आहे, अशा अर्थाचं. सही करताना हात थरथरत होता आणि ते स्वतःच त्याबद्दल मॅडॉकशी बोलले. मग ऑपरेशन. मध्येच वीज गेली आणि शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं. पेशंट वाचला. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली. ऑपरेशनची ती खोली ससूनमध्ये जपून ठेवलेली आहे.

पूर्वी ही गोष्ट मी वीज गेल्याच्या किश्शासाठी सांगायचो. या वेळी डोळ्यांपुढे तो थरथरणारा हात राहिला. कैद्याच्या जागी सही करायला सरकार होतं, तुरुंग होता, मित्र होते. तरी सही त्याची घेतली.

मग कायदा बघितला. दिल्लीतल्या एका बाईंची केस. त्या भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि ठरल्यापेक्षा मोठं ऑपरेशन केलं. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी सांगितलं की हे चालणार नाही. पेशंट सज्ञान आहे, जिवावर बेतलेलं नाही, तर संमती पेशंटचीच हवी. आईचीसुद्धा पुरत नाही. मग मुलाची कशी पुरणार?

आणि शेवटी चेकलिस्ट! जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची एक यादी काढली. ती बनवणाऱ्यांचा प्रमुख अतुल गवांदे. बोस्टनचा सर्जन, पण वडील डॉ. आत्माराम गवांदे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. जगातल्या आठ शहरांत, त्यात दिल्लीही होती, ही यादी वापरून पाहिली. २००९ च्या जानेवारीत आकडे छापले: मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात हीच यादी सगळीकडे लागू केली तेव्हा २०१४ च्या अभ्यासात असा फरक दिसला नाही. नुसत्या टिका मारून काही होत नाही, प्रश्न खरोखर विचारावा लागतो आणि उत्तर खरोखर यावं लागतं, असा मी त्याचा अर्थ लावतो. (आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.)

त्या यादीतला पहिला मुद्दा काय? भूल द्यायच्या आधी पेशंटने स्वतः खात्री करायची: नाव काय, कुठलं ऑपरेशन, कुठल्या जागी, आणि संमती दिलीय का.

म्हणजे आम्ही सगळे बाहेर बाकावर, आणि आत अण्णा एकटे, अनोळखी माणसांत. कुणीतरी विचारणार, "आजोबा, कुठलं ऑपरेशन आहे आपलं?" आणि त्यांना उत्तर माहीत नसणार. त्याच्याही आधी पिशवीची जागा आखायला नर्स येणार. बसवणार, उभं करणार, वाकायला लावणार, पायजम्याची नाडी कुठे बांधता ते विचारणार. ती जागा झोपलेल्या माणसावर नीट ठरतच नाही.

मागच्या रविवारी पिंपळगावला गेलो. अण्णा बागेत होते. ऑक्टोबर छाटणीची माणसं सांगून ठेवलेली, त्याचा हिशेब चालला होता. मी सगळं सांगितलं. गाठ, तिचं नाव, पिशवी. कागदावर चित्र काढून दाखवलं, कारण मला तेवढंच जमतं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बागेत डाउनी आला तर मला काय सांगशील? पानं जरा पिवळी पडलीत म्हणून?"

मी म्हटलं, "नाही."

"मग?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी तीन प्रश्न विचारले. पिशवी कायमची का? ट्रॅक्टरवर बसता येईल का? आणि वास येतो का? पहिल्याचं उत्तर मी दिलं ते असं की नक्की माहीत नाही. बाकीचे दोन त्यांनी मला लिहून घ्यायला लावले, डॉक्टरांना विचारायला. शीटमध्ये ओळ ३९ आणि ४०. ओळ ४१ त्यांनीच सांगितली: छाटणी दाजी बघतील. पेस्ट लावायची राहिली तर सगळी मेहनत वाया, हे त्यांना बजावून सांग.

रात्री आई मला म्हणाली, "बरं केलंस. मला रोज त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं." मामांचा फोन अजून आलेला नाही. येईल.

ओळ २९ पुढचं माझं नाव खोडून तिथे 'अण्णा' लिहिलंय. बुधवारी पंचवटीने निघतोय. त्यामुळे पुढचे दोन-तीन शनिवार इथे काही नसेल. रक्तगट कुठलाही असो, जवळच्या शिबिरात एक बाटली देऊन या. आणि परळला कुणी राहत असेल, ज्याच्याकडे एखादी खोली रिकामी आहे, त्याने धर्मशाळेत एकदा जाऊन काय लागतं ते विचारून यावं.